जपानला ब्रेक, आम्हाला सनरूफ

आमच्या घरात गाडीच्या कितीतरी आधी पत्रकं आली. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून मी वाचायला शिकले. 'समान काम, समान दाम' मला बाराखडीच्या आधी वाचता येत होतं. त्यामुळे घरात पहिली कार घ्यायचं ठरलं, तेव्हा मी तिचाही लढा केला.

गाडी हवी होती ताईसाठी. ती बार्शीच्या कॉलेजात शिकवते आणि तिच्या लेकीची बालवाडी कॉलेजला लागूनच. रोज सकाळी दोघी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरातून रिक्षानं स्टँडवर जायच्या आणि तिथून एसटीनं बार्शीला. एसटीत भाचीला हमखास उलटी व्हायची. आता ताई चालवणार आणि भाची मागे बसणार होती. त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा न लावता चालतात. म्हणून माझा प्रश्न एकच होता: धडक बसली तर या दोघींचं काय होईल?

वडिलांचाही एकच होता: सनरूफ आहे का?

"पोरगी उभी राहील की त्यातनं. वारा लागला की उलटी होत नाही."

समोरच्या बिल्डिंगमधली पोरं दर रविवारी गाडीच्या छतातून डोकी काढून सात रस्ता चौकाला चक्कर मारून येत. वडिलांना तो नातवंडांचा हक्क वाटू लागला होता.

आम्ही बघत होतो त्या गाडीची कंपनी जपानी. पण गाडी बनते आपल्याच देशात, आणि इथूनच जहाजात चढून जपानलाही जाते. हे मला मामेभावामुळे कळलं. तो तिकडे नोकरी करतो आणि त्यानं तीच गाडी घेतली होती. व्हिडिओ कॉलवर त्यानं ती फिरवून दाखवली. तेच नाक, तेच दिवे. पण पुढे काही आडवं आलं, तर त्याची गाडी आपणहून ब्रेक मारते.

"आणि आमच्याकडच्या गाडीला हे का नाही?" मी विचारलं.

"ते मला काय विचारतीस? मी हितं आहे म्हणून मला मिळालं. तिथं असतो तर मलापण ब्रेकऐवजी शोभेची चंदेरी पट्टीच मिळाली असती."

"सनरूफ आहे का तुझ्या गाडीला?"

"न्हाय. त्यासाठी सोलापूरला यावं लागतंय."

शोरूममध्ये मी तोच प्रश्न टाकला. सेल्समन समजूतदारपणे हसला. "मॅडम, ते एक्सपोर्टला असतं. इंडियन कस्टमर मागत नाही."

"मी मागतेय की."

"तेच म्हणतोय मॅडम. कोणी मागत नाही."

"जपान्यांना पाय नसतील ब्रेक मारायला," वडील म्हणाले. दोघांचं लगेच जमलं.

उरलेली निवड अशी होती. एकाच किमतीत दोन गाड्या. एका मॉडेलला सनरूफ, आत रंग बदलणारे दिवे आणि दोन एअरबॅग, त्याही पुढच्यांसाठी. मागे बसणाऱ्यानं नशीब घेऊन बसायचं. दुसऱ्याला सहा एअरबॅग आणि साधं छत.

मी घरी येऊन पत्रक लिहिलं: 'एकच कारखाना, एकच पत्रा. जपान्याच्या जिवाला ब्रेक, सोलापूरकराच्या डोक्यावर भोक.' झेरॉक्स काढून शोरूमच्या दारात वाटलं. लोकांनी ते आवडीनं घेतलं. एकानं डिस्काउंट किती म्हणून विचारलं. सेल्समननं तर अख्खा गठ्ठाच मागून घेतला.

वडिलांनी पत्रक दोनदा वाचलं. "दुसरा परिच्छेद लांबलाय," म्हणाले. जन्मभर समानतेच्या घोषणा लिहिलेला माणूस स्वतःच्याच भाषेत सापडला होता. "घ्या तुमची सहावाली," शेवटी ते म्हणाले.

गाडी मिळाली त्या दिवशी चाकाखाली लिंबं फुटली, बॉनेटवर हार पडला. मी दार उघडलं. आत पायाखाली माती लागू नये म्हणून कागद अंथरले होते. माझीच पत्रकं होती, चारी सीटपुढे, सरळ रेषेत.

दुसऱ्या दिवशी वडील गाडी कुठंतरी घेऊन गेले आणि फुलून परत आले. सगळ्या सीटांवर सोलापुरी चादरीची कव्हरं, घट्ट शिवलेली. ताईच्या सीटच्या ज्या कडेतून एअरबॅग बाहेर यायची, नेमकी तिथंच दुहेरी शिवण. शिवाय सीटबेल्टच्या खाचांत पत्र्याच्या चकत्या बसवलेल्या.

"पट्टा नाही लावला की गाडी लई बोंबलत होती. आता गप बसलीय."

भाचीसाठी मी मागवलेली, सीटला बांधायची लहान मुलांची खुर्ची डिकीत गेली होती. कंपनीनं देशोदेशी वेगळं मॉडेल काढलं होतं. सोलापूरचं आम्ही घरीच काढलं.

सोमवारी सकाळी वडील मागे बसले, भाचीला मांडीवर घेऊन. ताई या सगळ्या प्रकरणात फारसं बोललीच नव्हती. तिनं चकत्या उपसून पर्समध्ये टाकल्या आणि गाडी चालू केली. गाडी बोंबलू लागली.

"चल की," वडील म्हणाले.

"बाबा, तिची खुर्ची लावा. पट्टा लावा."

"मी धरलंय की तिला."

"आणि तुम्हाला कोण धरणार?"

वडील हलले नाहीत. पार्किंगमध्ये दोन शेजारी बघायला थांबले होते. ताईनं गाडी बंद केली, कव्हरच्या शिवणीवर एकदा बोट फिरवलं, लेकीला उचललं आणि नाक्यावर जाऊन रिक्षा केली. त्या दिवशीही एसटीत भाचीला उलटी झाली.

संध्याकाळी मी खाली गेले, तर वडील गाडीत आईची कात्री घेऊन वाकलेले. शिवण उसवत होते.

"मदत करू?"

"भाषण नको. कापड ताणून धर."

मंगळवारी भाची मागे खुर्चीत, वडील पुढे पट्टा लावून. गाडी गप्प होती. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी वाकून आत पाहिलं. "सनरूफ न्हाय व्हय?"

"जपानला पाठवतात त्यातपण नसतंय," वडील रुबाबात म्हणाले.

वैरागच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, बिनदिव्याचा. ब्रेक ताईनंच मारला. आमच्या मॉडेलमध्ये तो तसाच येतो.