जीन्स घातली म्हणून परत पाठवलेली पोर

"मॅडम, अश्विनीला जरा बोलवता का? तिच्या मामाच्या इथं बारसं हाय. घेऊन जायला आलो."

केबिनच्या दारात अश्विनीचे वडील, बालाजीराव उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात आहेराची पिशवी. मी शिपायाला बारावीच्या वर्गावर पाठवलं. तो परत आला तो एकटाच.

"मॅडम, ती आज वर्गात आलीच नाही."

"असं कसं?" बालाजीराव म्हणाले. "सकाळी मीच बसमधी बसवून दिली."

मी जिथे प्राचार्य आहे, ते हिंगोली जिल्ह्यातलं, औंढ्याच्या बाजूचं एक मोठं गाव आहे. पाचवीपासून शाळा आणि त्यालाच जोडून ज्युनिअर कॉलेज, म्हणजे अकरावी-बारावी. कॉलेज अनुदानित आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : आमचा पगार शासन देतं, पण इमारत संस्थेची आणि रोजची ढवळाढवळही संस्थेचीच. संस्थेचे अध्यक्ष गावातलेच. माणूस वाईट नाही. पण शिस्त म्हणजे आपल्याला दिसेल अशी काहीतरी गोष्ट, असा त्यांचा समज आहे.

आदल्या संध्याकाळी त्यांनी स्टाफच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. उद्यापासून कॉलेजात जीन्स बंद. गॅदरिंगमध्ये मुलांनी जीन्स घालून केलेल्या नाचाचा व्हिडिओ कुणीतरी त्यांना दाखवला होता आणि वर चार शब्द ऐकवले होते. मी लगेच फोन केला.

"साहेब, अकरावी-बारावीला आपण युनिफॉर्म ठरवलेलाच नाही. मुलं घरचे कपडे घालून येतात. पालकांची मीटिंग घेऊ, ठरवू, मग सांगू."

"मीटिंगा घेऊन शिस्त येत नसती मॅडम. मी स्वतः गेटवर उभा राहतो."

आणि ते खरंच उभे राहिले. त्या वेळी मी वर्गावर होते. खिडकीतून गेटवरची गर्दी दिसत होती. रागावतील आणि आत सोडतील, असं मला वाटलं.

मी पठाण सरांना बोलावलं. ते आमचे पर्यवेक्षक, म्हणजे प्राचार्यांच्या हाताखाली शाळेचं रोजचं कामकाज बघणारे.

"सर, सकाळी गेटवरून कोणाला परत पाठवलं?"

"दहा-बारा पोरं होती. आणि एक मुलगी." त्यांनी बालाजीरावांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अश्विनीच होती, मॅडम. पोरं गावातली. घरी जाऊन पँट बदलून आली. ती काही आली नाही."

ती येणार कशी? तिचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या अंगाला. सकाळची बस गेली की तिकडे जायला दुपारपर्यंत गाडीच नाही. म्हणजे पोरगी सकाळपासून घरी नाही, कॉलेजात नाही. तिच्याजवळ फोनही नाही, कारण कॉलेजात मोबाईलला बंदी. तो नियम माझा.

आता बालाजीरावांना सांगणं भाग होतं. मी अडखळत सांगितलं, की जीन्स घातली म्हणून तिला गेटवरून परत पाठवलं. आमच्या भागात मुलीची शाळा बंद व्हायला मोठं कारण लागत नाही. बस चुकली, कुणी काही बोललं, मैत्रिणीचं लग्न ठरलं, एवढंही पुरतं. आता हे म्हणतील, बास झालं शिक्षण.

ते म्हणाले, "ती जीन मीच घेऊन दिली मॅडम. हट्टच धरून बसली व्हती. घालून बसत असंल तर बसू द्या म्हणलं."

बारावीच्या वर्गातून मी तिच्या मैत्रिणीला, सानियाला बाहेर बोलावलं.

"ती स्टँडकडं गेली मॅडम."

"रडत होती?"

"न्हाई. लई रागात होती."

मला रडणारी मुलगी परवडते. रागावलेल्या मुलीचा अंदाज लागत नाही.

पठाण सरांना कॉलेजात फोनपाशी बसवलं. मी माझी गाडी काढली. बालाजीराव पुढच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर. स्टँड अगदी जवळ, पण तेवढ्या वाटेत ते दोनदा तेच बोलले.

"कालव्याकडं तर गेली नसंल ना मॅडम? पाणी सुटलेलं हाय."

मी "छे छे" म्हटलं. माझ्याही डोक्यात केबिनपासून तेच होतं.

स्टँडवरच्या चहावाल्याने तिला पाहिलं होतं. "हिरवा कुडता व्हय? हिंगोलीच्या गाडीत बसली की. सकाळीच."

कालव्याची भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. हिंगोलीत तिचं कोण आहे? बालाजीराव म्हणाले, कुणी नाही. मामा राहतो कळमनुरीकडे. बहीण परभणीला दिलेली. परभणी म्हटल्यावर मला हिंगोलीहून तिकडे जाणारी रेल्वे आठवली. मी गाडीचा वेग वाढवला.

हिंगोलीच्या स्टँडवर आम्ही एकेक फलाट बघितला. बायका बसतात तो कोपरा बघितला. बालाजीराव दिसेल त्याला विचारत होते, "जीन घातलेली पोरगी दिसली का हो?" लोक आधी त्यांच्याकडे बघत, मग माझ्याकडे बघत. एक म्हातारबाबा म्हणाले, "आता समद्याच घालत्यात बाबा. कोणती सांगू?" एक तरुण नुसता हसला. त्यानंतर बालाजीरावांनी जीन्सचं नाव घेणं सोडलं. "हिरवा कुडता, पाठीवर दप्तर," एवढंच विचारायला लागले.

तिथून रेल्वे स्टेशनला गेलो. गाडीची वेळ नव्हती. फलाटावर एक कुत्रं आणि पोत्यांवर झोपलेले दोन हमाल. बालाजीराव एका बाकावर बसले आणि लगेच उठले. त्यांना बसवत नव्हतं, आणि मलाही.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

"मॅडम, कॉलेज सोडून कुठं फिरून राहिल्या तुमी?"

"साहेब, सकाळी गेटवरून परत पाठवलेली मुलगी सापडत नाही."

"पोलिसात काही जाऊ नका एवढ्यात. संस्थेचं नाव—"

"थोड्या वेळात सापडली नाही तर जाणार, साहेब. तुम्हालाही यावं लागेल. शेवटचं तिच्याशी तुम्हीच बोललात."

मी फोन ठेवला. वीस वर्षांच्या नोकरीत अध्यक्षांशी मी असं कधी बोलले नव्हते. फोन पर्समध्ये टाकणार, तोच पुन्हा वाजला. या वेळी पठाण सर होते.

"मॅडम, एक गोष्ट आत्ता आठवली. सकाळी ती अध्यक्षांना म्हणाली, जीन्स घालायची नाही असा नियम कुठं लिहिलाय, दाखवा. साहेब चिडले. म्हणाले, शासनाचा नियम आहे, खोटं वाटत असंल तर जा, शिक्षणाधिकाऱ्याला विचारून ये."

"आणि?"

"ती बरं म्हणाली, मॅडम."

शिक्षणाधिकारी म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांवरचा अधिकारी. आम्ही प्राचार्यसुद्धा त्यांच्याकडे जाताना दहादा विचार करतो. मी गाडी सरळ त्या ऑफिसला घेतली.

वरच्या मजल्यावर, शिक्षणाधिकाऱ्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर अश्विनी बसली होती. हिरवा कुडता, निळी जीन्स, मांडीवर दप्तर. शेजारी कुठल्यातरी शाळेचे क्लार्क फायली घेऊन बसलेले. बाप दिसताच ती उठून उभी राहिली.

बालाजीराव जिन्याजवळच थांबले. मला वाटलं, आता ओरडतील, कदाचित हातही उचलतील. ते तिथल्या पायरीवरच खाली बसले आणि रुमालाने तोंड पुसत राहिले.

"जेवलीस का?" मग त्यांनी विचारलं.

"न्हाई. मॅडम मीटिंगमधी हायत. उठून गेले तर नंबर जाईल."

ती ज्यांना मॅडम म्हणत होती त्या शिक्षणाधिकारी थोड्याच वेळात मोकळ्या झाल्या. शिपायाने आधी मला आत घेतलं. मी म्हटलं, नंबर या मुलीचा आहे. मग आम्ही तिघंही आत गेलो.

अश्विनीने उभ्यानेच विचारलं, "मॅडम, कॉलेजात जीन घालू नये असा शासनाचा नियम हाय का?"

अधिकारी बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मी झाली ती हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "युनिफॉर्म शाळेने ठरवायचा असतो, बाळ. पण पालकांना बरोबर घेऊन ठरवायचा, आणि आधी कळवायचा. रात्री ठरवून सकाळी गेट बंद करायचं, असं नसतं." मग त्यांनी सहज विचारलं, "तुला जीन्स एवढी आवडते?"

"आवडत न्हाई मॅडम. गरम होती."

"मग?"

तिने बापाकडे बघितलं, मग टेबलाकडे.

"बसमधी उभं राहावं लागतं. पोरं मागून ओढणी ओढत्यात. सलवारीलाबी हात लावत्यात. जीन घातली की ओढणी घ्यावी लागत न्हाई, अन् कापड जाड असतं."

अधिकारी बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काहून सांगितलं न्हाई मला?" बालाजीराव म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुमी कॉलेज बंद केलं असतं, पप्पा."

त्यावर बालाजीरावांनी नाही म्हटलं नाही. मान खाली घातली. मग म्हणाले, "केलं असतं, व्हय." आणि जरा वेळाने, "आता न्हाई करायचो."

येताना बारशाला उशीर झालाच होता. मी वाटेत एका हॉटेलसमोर गाडी थांबवून मुलीला खाऊ घातलं. अश्विनीने पुरी-भाजी मागवली आणि दुसरी प्लेटही मागवली.

पुढचं थोडक्यात सांगते. मी एसटी डेपोत जाऊन बोलले. पुढच्या सीटा मुलींना द्यायचं वाहकांनी कबूल केलं, आणि बहुतेक दिवस पाळलंही. बालाजीराव डेअरीला घालायचं आपलं दूध दुसऱ्या गाडीने पाठवायचे, ते आता अश्विनीच्याच सकाळच्या बसने स्वतः आणायला लागले. कॅन घेऊन मधल्या रांगेत उभे. कुणाला काही बोलले नाहीत. नुसते उभे राहिले.

त्रास देणारी पोरं कोण, हे अश्विनीने मला एकटीला सांगितलं. त्यातले दोघं आमच्याच कॉलेजचे निघाले. त्यांना आई-वडिलांसकट बोलावलं. एकाची आई माझ्या समोरच त्याला म्हणाली, "तुला बहीण हाय ना रे?" आणि रडायला लागली. दोघांना काय शिक्षा केली ती इथे सांगत नाही. एक मात्र सांगते. त्या सकाळी गेटवर त्यांना कुणीच अडवलं नव्हतं. दोघंही साध्या कापडाच्या, इस्त्री केलेल्या पँटीत होते. नियमात बसत होते.

मग पालकांची मीटिंग झाली, मुलांनाही बसवलं. अध्यक्ष आले. मीटिंगआधी मी त्यांना बसमधलं सगळं सांगितलं होतं, नाव न घेता. मीटिंगमध्ये ते पहिल्यांदाच कमी बोलले. पालकांचं म्हणणं पडलं की युनिफॉर्म असावा, रोजच्या कपड्यांची कटकट मिटेल. मला वाटलं अश्विनी विरोध करेल. ती उठली आणि म्हणाली, "युनिफॉर्म चालंल. पण पोरींना ओढणी नको, पँट द्या. जाड कापडाची. अन् जीन बंद तर समद्यांना बंद. सरांनाबी."

मागून हशा पिकला, कारण आमचे तरुण कदम सर निळी जीन्स घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्या सकाळी गेटवर अध्यक्षांच्या शेजारी तेच उभे होते, आणि तेव्हाही जीन्समध्येच. ते अध्यक्षांना दिसलं नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

ठराव तसाच झाला. मुला-मुलींना एकच पँट, वर मुलांना शर्ट आणि मुलींना कुडता. कदम सरांनी नवीन पँटी शिवून घेतल्या. अश्विनी बारावी झाली, आता नांदेडला शिकते. तिथे युनिफॉर्म नाही. सानिया सांगते, ती तिथे सलवार-कुडता घालते. हॉस्टेल कॉलेजच्या आवारातच आहे, बस लागत नाही.

मी मात्र एक नियम पक्का केला आणि तो अध्यक्षांच्या सहीने लावून घेतला. पोरगं उशिरा येवो, केस वाढवून येवो, काहीही घालून येवो, गेटवरून कुणालाही परत पाठवायचं नाही. आधी आत घ्यायचं, हजेरी लावायची, मग काय बोलायचं ते बोलायचं. कपड्यांवरून आतमध्येही रागावता येतं. गेटबाहेर काढलेलं लेकरू मात्र कुणाच्याच हजेरीत नसतं.