वहिनीचं घंगाळ

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. तुम्हाला सांगतो — हसलात तरी चालेल, यात हसण्यासारखं बरंच आहे. फक्त शेवटपर्यंत ऐका.

मला तुम्ही ओळखता. चिखलीच्या बाजारात खोक्यावर उभं राहून नागपूरच्या सरकारला जाब विचारणारा, घरगुती इलाजांवर पत्रकं काढणारा — तोच मी. ‘पाण्यात बसता, दुखणं पोसता!’ हे पत्रक माझंच. दवाखाना असताना बायकांनी ओटीपोट दुखलं की कोमट पाण्यात का बसावं? त्यांना मी कधी विचारलं होतं का? नाही. यमक जुळलं होतं — तेवढं पुरे होतं.

आणि भर सभेत मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, तुही वहिनीच रोज घंगाळात बसते म्हणे! तिले दे ना पत्रक!"

सभा खो खो हसली. गोष्ट खरी होती. दुसऱ्या बाळंतपणापासून वहिनीचं ओटीपोट ठणकायचं. भाकरी झाल्या की उरल्या आचेवर ती पाणी तापवायची, माहेरच्या तांब्याच्या घंगाळात ओतायची, कोपर बुडवून ऊन किती ते पाहायची आणि न्हाणीचा पडदा ओढून बसायची. बाहेर यायची ती गुणगुणतच.

मी काय केलं? घंगाळ गळतं म्हणालो. तांबटाकडे देतो म्हणालो — आणि आमच्या मंडळाच्या पत्रकांच्या खोलीत गठ्ठ्यांमागे लपवलं. घरात तेवढं पसरट भांडं दुसरं नव्हतं. आणि ते गळत नव्हतं. थेंबसुद्धा नाही.

मग गावोगावच्या सभांसाठी मला मंडळानं सायकल दिली. बीबी, धामणगाव बढे — खडीचे रस्ते आणि दगडासारखी सीट! थोड्याच दिवसांत अशा जागी दुखू लागलं, की सभेत उभ्यानं बोलणं ही निष्ठा राहिली नाही, गरज झाली. दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, मोठं काही नाही म्हणाले आणि इलाज सांगितला — कोमट पाण्यात बसत जा.

बसलो. कशात? अहो, त्याच घंगाळात! आतून कडी, भोवती ‘पाण्यात बसता’चे गठ्ठे, गुडघे हनुवटीला — आणि काय सांगू, कमरेखालची गाठच सुटली. मी चक्क गुणगुणलो.

तेव्हा कळलं, वहिनी का गुणगुणायची. कळलं — म्हणून घंगाळ परत नेलं का? नाही. माझं दुखणं होतं तोवर ठेवून घेतलं. घरी ती कंबर धरून चुलीपुढून उठायची. "भाऊजी, देलं का हो त्या तांबटानं?"

"कुठलं देते, वहिनी! लई आळशी माणूस." — हे मी बोललो. नुकताच बसून आलेला, ताजातवाना.

बरा झालो, मग नेलं. वहिनीनं ते उजेडात धरलं, बुडाशी हात फिरवला. "जोड कुठं देला, दिसून नाही राह्यलं! हात सोन्याचे हायेत त्याचे."

दुसऱ्या दिवशी तिनं करंज्या तळल्या. मधूनमधून उठायची, भिंतीला टेकायची, पुन्हा बसायची — मी पाहत होतो. "गरम हायेत तवरच त्याले नेऊन द्या, भाऊजी. म्या उगाच मनात शिव्या देल्या त्याले."

नेल्या. पत्रकांच्या खोलीत, कडी लावून, मीच खाल्ल्या — सगळ्या. चांगल्या झाल्या होत्या.