शिंपल्यांच्या विटा

ती केस आठवली की आजही खुशीत येतो, म्हणून सांगूनच टाकतो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मुरगूडकडं मी नवाकोरा फौजदार होतो.

सकाळी हजेरी चालू असताना एक शेतकरी मावशी ठाण्यात आल्या. "सायेब, माझं रान चोरीला गेलंय."

हवालदार म्हणाले, "मावशी, रान कुठं जातंय? तिथंच असंल की."

जाऊन बघितलं तर खरंच. दोन महिने त्या लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, तेवढ्यात कुणीतरी काळी माती खरवडून नेलेली. खाली नुसता मुरूम. शेजाऱ्यांना वाटलं, मावशींनीच विकली. मावशींचं पोट त्याच रानावर, आणि मुरमात काय पिकणार?

गावात वीटभट्टी एकच. मालक म्हणाला, "माती माझ्या वड्याकाठची हाय. तिच्यावर हिचं नाव लिवलंय व्हय?" मी हात हलवत परत आलो.

दोन दिवसांनी गावातला गवंडी वैतागून ठाण्यात आला. "सायेब, भट्टीवाल्याच्या नव्या विटा भिजवल्या की फुटत्यात. बघा तरी."

ठाण्याच्या बादलीत वीट टाकली आणि सगळे भोवती बसलो. दुपारपर्यंत पांढरे ठिपके फुगले, वीट तडकली. गवंडी म्हणाला, "शिंपलं भाजून चुना झालाय. तळ्याचा गाळ हाय ह्यात."

मावशींना विचारलं. "व्हय की. दरसाल तळ्यातला गाळ डोक्यावरनं आणून मीच रानात पसरते."

भट्टीवर पळालो. कच्च्या विटांची दुसरी खेप भट्टीत रचून तयार, मालक नारळ घेऊन पेटवायला उभा. पंचांसमोर कच्ची वीट फोडली, आत शिंपले. ओढ्याकाठची माती उकरली, तिच्यात एक नाही.

"आता बोला, पावणं."

त्यानं नारळ खाली ठेवला. "चुकलं सायेब. लोण्यागत माती. मोह झाला."

पंचनामा करून कच्च्या विटा जप्त केल्या. कोर्टाच्या हुकमानं त्या मावशींना मिळाल्या. गावानं बैलगाड्या जुंपल्या, विटा रानात फोडल्या, वर पाणी सोडलं. मालकही कुदळ घेऊन आलेला. मावशी बांधावरनं म्हणाल्या, "बारीक फोड रं, ढेकळं ठेवू नगंस." सगळं रान हसलं, तोसुद्धा.

पहिल्या खेपेत भाजलेली माती मात्र गेली ती गेलीच. भाजलेली वीट पुन्हा माती होत नाही. तोवर मला माती म्हणजे फुकटची वस्तू वाटायची. त्या दिवशी कळलं, ती कुणाच्यातरी डोक्यावरनं, पाटी पाटी करून आलेली असते.

पुढच्या हंगामात मावशींनी ठाण्यात त्याच रानातल्या ओल्या शेंगा आणल्या. हवालदारांनी एक फोडून आधी आत शिंपला आहे का ते बघितलं.