लहान दीर्घिकांविषयीचा अर्ज

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षे लोटली होती. बुलढाण्यास कचेरीसमोरच्या निंबाखाली माझे अर्ज लिहिण्याचे टेबल असे. शिक्षण सातवीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज साहेबांनी अर्धवट वाचून टाकला, असे सहसा घडले नाही.

अमडापूरकडच्या एका भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा नागपुरास खगोलशास्त्र शिकत होता. सुटीत गावी जाताना एस.टी. लागेपर्यंत तो माझ्या बाकावर बसे आणि आपला विषय मला समजावी. फार दूर लहान लहान दीर्घिका आहेत, म्हणजे ताऱ्यांच्या वस्त्या. त्यांत अजूनही तारे जन्मतात. त्यांच्या प्रकाशाचे रंग वेगळे केले की आत काय आहे ते कळते. प्राणवायू थोडा, लोखंड त्याहून थोडे. ही द्रव्ये ताऱ्यांच्या पोटात तयार होतात आणि तारा मेला म्हणजे पुढच्यांच्या वाट्याला येतात.

"पन लहान वस्तीची पकड कमी, मुन्शीजी," तो म्हणे. "बरंचसं बाहीर उडून जात असंल. तेच मले पाह्यचं हाये."

त्या पावसाळ्यात काविळीने तो गेला.

वडील माझ्याकडे आले. मयताच्या बापाचा अर्ज जसा असतो तसा, मुलाचे सामान परत मिळावे म्हणून मी लिहिला, आणि अंगठा घेण्यापूर्वी रीतीप्रमाणे वाचून दाखवला.

"सामान तं आलं ना घरी," ते म्हणाले. "पेटी आली, गादी आली. त्याचं काम राह्यलं तिकडं. ते दुसऱ्या कोन्या पोराले पुरं कराले द्या, असं लिवा."

असा अर्ज मी पूर्वी लिहिला नव्हता. तरी लिहिला. नागपुराहून उत्तर आले: या विषयावर सध्या कोणी विद्यार्थी नाही.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "तुमच्यापाशी बसे तो. काय सांगे?"

मी सांगितले. मग दर बाजारी भाजी विकून झाली की ते येत आणि तेच ऐकत. ताटकळलेला एखादा अर्जदार म्हणे, "मुन्शीजी, अर्ज लिवता का पोथी सांगता?" माझा साठा मात्र एस.टी.ची वाट पाहण्यात मिळाला तेवढाच. त्यात भर पडण्याची सोय आता उरली नव्हती.

एका बाजारी गर्दी होती, म्हणून मी भरभर सांगून आटोपले. ते बाकावरून उठले नाहीत.

"प्राणवायू राह्यला, मुन्शीजी," ते हळूच म्हणाले.

मी लेखणी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगू लागलो.