मी अदलाबदल केलेल्या दोन ओळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ज्या शुक्रवारी हे सुरू झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिलाच बघायला जाणार होतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नक्की मलाही ठाऊक नाही.

त्या काळात पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या संस्थानाच्या विलीनीकरणाची बातमी असायची, आणि इकडे बुऱ्हाणपूरपासून थोड्या अंतरावर, जंगल तोडून, कागदाची गिरणी उभी राहत होती. मी बुऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्यातला, मॅट्रिक झालेला, टायपिंग येणारा. तिथल्या बांधकामाच्या ऑफिसात कारकून लागलो. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. माझे साहेब लिंडसाहेब — स्वीडनचे, यंत्रं बसवायला आलेले, साठीला टेकलेले, एकटे. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं आणि माझंही. त्यामुळेच आमचं जमलं.

साहेबांना एकच नाद होता. त्यांच्या देशात कुठल्या वर्षी फुटबॉलचा विजेता कोण, याची अगदी सुरुवातीपासूनची बिनचूक यादी करायची. छापून आलेल्या याद्यांत चुका आहेत, असं त्यांचं म्हणणं. तिकडे त्यांचा भाऊ जुनी वर्तमानपत्रं चाळून पत्रं पाठवायचा, इकडे साहेब स्वतःच्या आठवणीशी ताडून बघायचे, आणि पक्कं झालं की मी टाइप करायचो. त्या संघांची नावं मला कधी धड उच्चारता आली नाहीत. मधली काही वर्षं अशी होती, की सामने झाले पण विजेतेपद कुणालाच दिलं गेलं नाही. पान रिकामं दिसू नये म्हणून मी तिथे पहिल्या आलेल्या संघांची नावं घालायला निघालो, तर साहेबांनी माझा हात धरला. "नाही महाजन. कोरं राहू दे. जे दिलंच नाही, ते दिलं म्हणून लिहायचं नाही."

मला तेव्हा हसू आलं होतं.

मग साहेबांना मलेरिया झाला. बरे व्हायचे, पुन्हा पडायचे. तिसऱ्या खेपेला ताप डोक्यात गेला. कित्येक दिवस ते त्यांच्या भाषेत काहीबाही बरळत होते. उठले ते घाबरूनच. एखाद्या मजुराचं नाव आठवलं नाही, तरी चेहरा पांढरा पडायचा. तेव्हापासून रोज चार वाजता, चहाच्या वेळी, ते यादी माझ्या हातात द्यायचे, डोळे मिटायचे आणि पहिल्या वर्षापासून म्हणून दाखवायचे. कोऱ्या वर्षांपाशी थांबायचे, पुढे जायचे. एकही चूक नाही. "ठीक?" "ठीक, साहेब." मग जीव भांड्यात पडल्यासारखे कामावर निघायचे.

आता सुखलाल. जवळच्या डोईफोडिया गावचा, घरची थोडी शेती, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा. तो चेनकुप्पीवर होता — साखळी ओढून जड यंत्र वर उचलायचं काम. त्या शुक्रवारी साहेबांनी मला साखळीजवळ नेलं. म्हणाले, एक कडी उघडत चाललीय. आत्ताच काम बंद ठेवायची चिठ्ठी लिही, नवी साखळी मागव. मी मान हलवली. साहेब तिथूनच यंत्रांच्या पेट्या बघायला मुंबईला गेले. सुखलालला इंग्रजी कळत नव्हतं. त्याने विचारलं, "बाबूजी, साहब काय बोलले?"

"येऊन सांगतो," मी म्हटलं. गाडीची वेळ झाली होती — आणि शनिवारी मुलगी बघायचा कार्यक्रम.

सोमवारी ऑफिसात पोचलो, तर कुणीही बसलेलं नव्हतं. सगळे उभे. कडी सकाळीच तुटली होती. सुखलाल खाली होता.

सुखलालच्या मृत्यूच्या चौकशीला नागपूरहून अधिकारी येणार, असं ठरलं. आठ दिवस होते. लिंडसाहेब परत आले, त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. "मी तुला सांगितलं होतं ना महाजन? शुक्रवारी?"

"नाही साहेब." हे मी विचार करून बोललो नाही, तोंडातून गेलं. ते बघत राहिले. "पण मला आठवतंय —"

"तुम्हाला ताप होता ना, साहेब."

हे मात्र मी विचार करून बोललो.

त्या दिवशी चार वाजता त्यांनी यादी म्हटली. सगळी बरोबर. डोळे उघडले, तेव्हा ते हसत होते. "माझं डोकं शाबूत आहे, महाजन. मी सांगितलं होतं." ते आरोप करत नव्हते, स्वतःलाच समजावत होते. पण मी हातातल्या कागदाकडे बघत होतो. ही यादी जोवर बरोबर आहे, तोवर हा माणूस स्वतःवर विश्वास ठेवणार — मग माझं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी, ते कामावर असताना, मी तो कागद नव्याने टाइप केला. तसाच कागद, तीच रिबन. फक्त लागोपाठच्या दोन वर्षांचे संघ एकमेकांच्या जागी. जुना कागद चहाच्या शेगडीत घातला. हात थरथरला का? नाही हो. एक अक्षर चुकलं नाही. आजही मला भीती वाटते ती याचीच.

चार वाजता मी म्हणालो, "इथे चुकलं, साहेब." त्यांनी पुन्हा म्हटलं. "नाही साहेब, उलटं आहे." त्यांनी कागद घेतला, चष्मा पुसला, वाचला. भावाचं पत्र मागितलं. पत्रांची फाइल माझ्याच कपाटात होती. म्हणालो, "सापडत नाही."

त्यानंतर ते खरंच चुकू लागले. रोज थोडं जास्त. आधी त्या दोन ओळींपाशी अडखळायचे, मग त्याच्या आधीच, मग कुठेही. मधली कोरी वर्षंसुद्धा विसरले. तिथे नावं घालू लागले. आता मला खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. नुसता कागद धरून बसायचो.

अधिकारी आले, तेव्हा साहेबांनी आपणहून लिहून दिलं — सूचना दिल्यासारखं वाटतं, पण माझ्या स्मरणावर विसंबू नये. कारकुनाचा दोष नाही. मला दोन प्रश्न विचारले. दोन्हींना मी नाही म्हणालो. महिन्याभरात साहेबांना परत पाठवलं. बुऱ्हाणपूर स्टेशनवर मीच त्यांची ट्रंक चढवली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "बाकी सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलायचे," ते म्हणाले. "तू खरं सांगितलंस. थँक यू."

ते पुढे किती जगले, कसे जगले, मला माहीत नाही. मी पत्र लिहिलं नाही. मला बढती मिळाली. त्याच ऑफिसातून रिटायर झालो.

साहेब परत गेल्यावर काही दिवसांनी सुखलालची बायको ऑफिसात आली होती, धूलकोटच्या आपल्या भावाला घेऊन. ती भांडायला आली नव्हती. दारातच उभी राहिली आणि एवढंच विचारलं, "बाबूजी, साखळी खराब झाली, हे कोणालाच मालूम नव्हतं का?"

"कोणालाच नाही, बाई," मी म्हणालो.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. हात जोडले, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि भावाच्या मागून निघून गेली.