न झिजलेल्या कवळ्या

एम.डी.एस.च्या प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा आमच्या सरांनी मला विचारलं, "तू डहाणूची ना? मग तुझं काम सोपं आहे. घरच्या माणसाचं लोक ऐकतात." विषय कवळ्यांचा होता. नेहमीच्या ॲक्रिलिकचे दात आणि बाजारात नुकतंच आलेलं एक मटेरियल, या दोहोंतलं कुठलं वर्षभरात कमी झिजतं ते मोजायचं. दात गेलेली म्हातारी माणसं गाठायची, अर्ध्यांना एका प्रकारची कवळी बसवायची, अर्ध्यांना दुसऱ्या, सगळं फुकट. मग दर तीन महिन्यांनी जाऊन दात किती झिजले ते मोजून आणायचं. लोकांनी माझं ऐकलं, हे सरांचं अगदी खरं ठरलं. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आमची चिकूची वाडी. वाडीवर कामाला येणारी माणसं, त्यांचे पाडे, त्यांची सोयरीक, सगळं लहानपणापासून ओळखीचं. शाळेच्या ओसरीवर शिबिर लावलं तर तलासरीच्या पाड्यांपासून चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंतचे आजी-आजोबा जमले. तोंडात साच्याचा मसाला भरून माप घेताना भल्याभल्यांना ओकारी येते, पण इथे कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, काय सोशीक माणसं आहेत. ती वाडीच्या मालकांच्या मुलीचा मान राखत होती. मान ही संशोधनातली किती घातक गोष्ट आहे, हे आम्हाला कुठल्याच वर्षाला शिकवलेलं नव्हतं.

त्यांत चिंचणीची एक म्हातारी होती, सुकी मासळी विकणारी. फॉर्ममधले प्रश्न संपल्यावर मी उगाचच विचारलं, "आजी, दात आले की पहिलं काय खाणार?"

"बोंबील," ती म्हणाली. "सुका, चुलीत भाजलेला. जन्म गेला विकण्यात, आन् आता सून पेज देते. समोर बोंबील वाळताना बघायचं आन् पेज प्यायची."

मी तिला सांगितलं, अभ्यासात आहात तोवर कवळीला काही झालं तर नवी करून मिळेल, तीही फुकट. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि अंगठा दिला.

पहिल्या फेरीला मी खूश झाले. कवळ्या अशा लखलखीत, की आजच प्रयोगशाळेतून आल्यासारख्या. "रोज किती वेळ घालता?" या प्रश्नाला एकजात सगळ्यांचं उत्तर होतं, "दिवसभर." "जेवताना?" "जेवताना पण." "दुखतं का?" "नाय बाय, काय दुखत नाय." मी पटापट रकाने भरले. सरांनी आलेख पाहिला आणि मला चक्क चहा पाजला. सरांचा चहा प्यायलेली आमच्या विभागात मी दुसरीच.

दुसऱ्या फेरीलाही तेच. फक्त चिंचणीच्या म्हातारीची कवळी पाहून माझं डोकं फिरलं. दातांची टोकं गेलेली, कडा पिवळ्या, एका बाजूला चराही पडलेला.

"आजी, काय केलंत हे?"

"काय केलं?"

"दात झिजलेत."

"मग खाल्लं त्यांनी."

काय काय खाल्लं ते तिने हौसेने सांगितलं. बोंबील, सुकट, जवळा, भाकरी, चणे. वाळूवर वाळवलेला जवळा कितीही धुतला तरी थोडी रेती राहतेच, हेही सांगितलं. आणि सकाळी कवळी मशेरीने घासायची. मी कपाळावर हात मारला, तर ती म्हणाली, "दात आले म्हणजे घासायला नको?" मी तिला तिथेच, चार बायकांच्या देखत, चांगली दहा मिनिटं सुनावलं. बाकीचे कसे जपून वापरतात ते सांगितलं. इतक्या ठामपणे इतकं चुकीचं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोलले नसेन.

सरांनी तिचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "आउटलायर." म्हणजे कळपात न बसणारा आकडा. ठेवला तर सगळी सरासरी बिघडते. "वगळून टाक. सूचना पाळल्या नाहीत, असं कारण लिही." मला ते पटलंसुद्धा.

पुढच्या फेरीला गंजाडचे एक आजोबा शाळेत आले नाहीत. त्यांना ताप असल्याचं कळलं, म्हणून मीच न कळवता त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बसून हिरड्यांनी नाचणीची भाकरी चघळत होते. मला पाहताच गडबडले, आत हाक मारली, आणि आजींनी फळीवरून स्टीलचा डबा काढून आणला. डब्यात रेशनकार्ड, त्याखाली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मी दिलेला कापूस आणि त्या कापसात मी दिलेली कवळी. आजोबांनी ती लावली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "घ्या, मोजा."

"आजोबा, ही रोज घालत नाही तुम्ही?"

"चांगली वस्तू हाय. रोज घालून खराब नाय व्हायची?" लग्नाला घालतात, रेशनच्या दुकानात तोंडाचा फोटो काढायचा असला की घालतात, आणि मी येणार असले की आदल्या दिवशी काढून धुऊन ठेवतात, असं त्यांनी सांगितलं.

"मग रोज घालतो असं का सांगितलंत?"

"तुम्ही एवढ्या लांबून येता. नाय कसं म्हणायचं?"

मग मी त्याच आठवड्यात इतर घरं पालथी घातली. घरोघरी डबा. एका घरी कवळी लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून पेटीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी. एका आजींनी तर ती नातीच्या लग्नात लावून लगेच उतरवून ठेवली होती, जेवायच्या आधी. दोन मटेरियलमध्ये जो काही फरक मला सापडला होता, तो कुणाचा डबा बरा एवढाच असणार.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"फॉर्मवर काय लिहिलंय?"

"रोज घालतात, असं."

"खाली अंगठे आहेत?"

"आहेत."

"मग झालं तर."

मी भांडायला हवं होतं. भांडले असते तर नव्याने सगळं करायला आणखी वर्ष गेलं असतं, आणि मला ते वर्ष नको होतं. एवढंच कारण. यापेक्षा बरं कारण मी पुढे बरेच दिवस शोधत होते, मिळालं नाही. नव्या मटेरियलचे दात वापरात उत्तम टिकतात, असा निष्कर्ष मी लिहायला घेतला.

एक कागद तेवढा राहिला होता. वगळलेल्या माणसाचा अंगठा लागतो, म्हणून मी चिंचणीला गेले. म्हातारी सुकी मासळी निवडत बसली होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला. तिचे दात एव्हाना जवळजवळ सपाट झाले होते. मी नवी कवळी घेऊन आले, असं तिला वाटलं.

मी कागद वाचून दाखवला. अभ्यासातून कमी केलं आहे, त्यामुळे नवी कवळी मिळणार नाही. कारण, सूचनांचं पालन केलं नाही.

"म्हणजे माझं काय चुकलं?"

"तुमची फार झिजली, आजी."

"आन् बाकीच्यांची?"

"नाही झिजली."

शिकल्यासवरल्या माणसाकडून पाठ समजून घ्यावा तसं तिने शांतपणे विचारलं, "मग घालायची नव्हती का?"

पास झाले की मी स्वतः नवी करून देईन, असं म्हणायचं मनात होतं. पण तेवढ्यात तिने तोंडातली कवळी काढली, तांब्यातल्या पाण्याने धुतली, पदराने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. गाल एकदम आत गेले. अभ्यासातून काढलं म्हणजे ही परत द्यायची, असा तिचा समज झाला होता.

"दुसऱ्या कुणाला दे," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "पण तिला आधीच सांग, खायला नाय म्हणून."

मी कवळी तिच्या हातात परत दिली. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की वर बघवत नव्हतं. मग मी शाईचा पॅड उघडला आणि तिचा अंगठा घेतला.