गुणाला कोणी ओळखत नाही

बाजारकुणंगजवळच्या आमच्या वस्तीत बूट घातलेला अनोळखी माणूस दिसला की आम्ही सगळे एकदम बहिरे होतो. असा माणूस नाव विचारतो, आणि नाव सांगितलं की कुणाच्या तरी मागे लचांड लागतं. कधी जंगलात कोयता चालवल्याची केस, कधी कसली तरी मोजणी. पलीकडच्या सुप्याच्या लोकांनीही मोजणीला आलेल्यांना नावं सांगितलीच होती, आज त्यांच्या घरांवर धरणाचं पाणी आहे.

केसरबाईचा गुणा याच वस्तीतला. हुबळीला शिकून इंजिनियर झाला आणि बंगळूरच्या मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांच्या मागे लागला. हजारांना परीक्षेला बसवायचं आणि चौघांना घ्यायचं, अशी तिथली रीत. दोन-तीनदा हात हलवत परत आला. "कारवारला मास्तर हो की," आम्ही म्हणायचो. तो ऐकेल तर शपथ!

शेवटी एका कंपनीने त्याला निवडलं. आता त्यांचा माणूस गावी येऊन पत्ता खरा आहे का तेवढं बघणार होता. पण गुणाही पडला आमच्यासारखाच संशयी. नोकरीची ऑर्डर हातात पडेपर्यंत घरी काही बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं.

तो माणूस आला. पायात बूट, काखेत फाइल. वस्तीच्या तोंडाशीच आमचा लखू म्हणाला, "ह्या नावाचा कोण न्हाई हितं." शेजारच्या वासूने तर त्याला भलत्याच, अणशी गावाच्या वाटेला लावून दिलं. तरी हुडकत हुडकत तो केसरबाईच्या अंगणात पोचलाच.

"गुणा तुमचा मुलगा ना?"

ती भात पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ल्योक न्हाई."

पोराला वाचवलं, या समाधानात ती त्या दिवशी पोटभर जेवली.

मग गुणा आला तो तोंड पाडून. पत्ता खोटा म्हणून कंपनीने त्याचं नाव काढलं होतं. आईने काय सांगितलं ते कळल्यावर तो ओट्यावरच बसला. "बास झालं, आये. मास्तरच होतो आता."

"परत जा. पुन्ना परीक्षेला बस," केसरबाई म्हणाली.

"कशाला? पुन्ना कोण आला तर काय सांगशील?"

सवयीने तिने आधी वाटेकडे बघितलं, कोणी ऐकतंय का म्हणून. मग सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, "सांगीन, मला ल्योक हाय! गुणा त्येचं नाव!"

असं मोठ्याने नाव घेतलेलं आमच्या वस्तीत मी पहिल्यांदाच ऐकलं. गुणा सकाळच्या एसटीने बंगळूरला गेला.